तोंडातली साखर

मला शुगर आहे. लई वर्षांची. अहमदपूरच्या शिवण केंद्रावर माझा चहा वेगळा यायचा, बिनसाखरेचा, आणि पोरी आपसात कुजबुजायच्या, "बाईचा चहा कडू, म्हणून तोंड बी कडू." मला ऐकू जायचं. मी म्हणायचे, "कान शाबूत आहेत गं माझे. उसव ती शिलाई, पहिल्यापासून घाल." उसवायला लावणं हे माझं आवडतं काम होतं. वाकडी शिलाई मारून एकही पोरगी माझ्या हातून सुटलेली नाही, आणि त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही.

केंद्र एका संस्थेचं होतं. मी तिथं शिवण शिकवायला होते. येणाऱ्या पोरी आसपासच्या खेड्यांतल्या. कुणाची शाळा सुटलेली, कुणाचा बाप नाही, कुणाचं लहानपण उसाच्या फडावर गेलेलं. शिकवणं संपलं की प्रत्येकीला एक पायाची मशीन मिळायची. नाव घालायला आलेल्या मायांचा पहिला सवाल हाच असायचा, "मशीन मिळती ना, बाई?" काय शिकवता, हे आजवर एकीनं विचारलं नाही. मी चिडायचे. पण त्यांचं तरी काय चुकत होतं? लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात पोरीचं रुखवत मांडायचं, त्यात भांडी, कपाट, गादी, आणि आता मशीन. फुकट आलेली मशीन म्हणजे तेवढी एक वस्तू घ्यायची वाचली. आमच्या केंद्राच्या किती मशिनी अशा मांडवात हळदीकुंकू लावून बसल्या आणि नंतर सासरी जाऊन टीव्ही ठेवायच्या कामाला आल्या, ते मला माहीत आहे. मी स्वतः जाऊन बघितलंय.

एक पोरगी मात्र वेगळ्याच कामासाठी आली होती. पहिल्याच दिवशी तिनं डाव्या हातात कात्री धरली. मी ओरडले, "उजव्या हातानं!" तिनं उजव्या हातानं कापलं, कापड उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. मग मान खाली घालून म्हणाली, "बाई, घरी बी समदे मारतेत ह्याच्यापायी. तुमी मारा, पण कापू डाव्यानंच द्या." मला हसू आलं. म्हटलं काप. आणि माय, काय कापलं तिनं! ब्लाउजचा मुंढा, बाही जोडायची ती गोलाई, म्हणजे नवशिक्या पोरींचं रडगाणं, तिनं दुसऱ्या खेपेला बिनचूक काढला. त्या दिवसापासून डाव्या हाताबद्दल मी तिला काही बोलले नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलले.

वय अठरा पूर्ण झालेलं. बाप लहानपणीच वारलेला, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. एक मोठी बहीण होती, तिला ही अक्का म्हणायची. अक्काचं लग्न लौकर लावलं, नांदेड जिल्ह्यात, आमच्या अहमदपूर-नांदेड रस्त्यावरच्याच एका गावी. अक्का बाळंतपणात गेली. पोरगी जगली. आता अक्काची लेक भिंत धरून चालायला लागली होती, आणि तिकडून निरोपावर निरोप येत होते की धाकटी द्या. लेकराला मावशीसारखी माय कोण मिळणार? आपल्याकडं हे काही नवीन नाही. मेलेल्या बायकोची बहीण करायची, लोक त्याला पुण्यच म्हणतात.

एकदा दुपारी सगळ्या डबा खायला बसल्या होत्या, तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. "बाई, मला त्या घरात न्हाई जायचं. अक्का ज्या खोलीत मेली त्याच खोलीत माझी गादी टाकणार. दाजीला मी लहान असल्यापासून दाजी म्हणत आले. त्याच्या पुढं मी बायको म्हणून कशी उभी राहू?"

"मग लेकरू?"

"लेकरू मी आणते की. आमच्या फाट्यावर टपरी हाय, मोकळी. तिथं मशीन टाकते. शाळेचे डरेस शिवते, पिको-फॉल करते. माय रानात, मी टपरीत, पोरगी माझ्यापाशी. मायला बी सांगितलंय. माय म्हणती, मशीन येऊ दे, मग नातीला घेऊन येते. लेकरू आपल्या दारात आलं की ते कोणत्या तोंडानं तुला मागतेत?"

म्हणजे हिची मशीन रुखवताची नव्हती. ती आली की ही सुटणार होती, आणि नाही आली तर नाही. मी मनात म्हटलं, हिची तेवढी मशीन मी स्वतः जाऊन बसवून देईन. टपरीत, फाट्यावर, सगळ्यांदेखत.

मशिनी वाटायचा कार्यक्रम नांदेडला होता. मोठा हॉल, फेटे, भाषणं. पाहुण्यांनी एकेका पोरीच्या मशीनला हात लावून फोटो काढले. नेमकी त्या दिवशी कार्तिकातली अवस. कार्यक्रम ठेवणारांना तिथी कशाला बघायची? पाहुण्यांना वेळ मिळाला, ठरलं. पण आलेल्या मायांमध्ये चुळबुळ सुरू झाली. अवसेला नवी वस्तू उंबऱ्याच्या आत कशी घ्यायची? हिची माय तर रडकुंडीला आली. आधीच एक लेक गेलेली, त्यात अवसेची वस्तू घरात, नको रे बाबा.

बाहेर आलो तर दाजी उभा. त्याचा स्वतःचा छोटा टेम्पो होता, भाजीपाल्याची भाडी मारायचा. हात जोडून मायला म्हणाला, "आत्या, भाड्याची गाडी कशापायी करता? मी हाय की." मायचं तोंड उजळलं. लेक मेली तरी जावई जावईच असतो. त्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. हळू बोलायचा, दारू पीत नव्हता. त्याला बायको पाहिजे होती, लेकराला माय पाहिजे होती, त्याच्या म्हातारीला घरात हात पाहिजे होता, आणि ह्या सगळ्यांना मिळून ती एकच पोरगी दिसत होती.

मशीन मागं चढवली. पोरगी मागंच बसली, मशीनला धरून. माय आणि मी पुढं. लोहा मागं पडल्यावर मायनं अवसेचं काढलं, की आज घरी नेऊन ठेवायची कुठं, बाहेर ठेवली तर कोणी उचलून नेईल. दाजी म्हणाला, "मग आमच्या वसरीवर ठिवा आजच्या रोज. उद्या सकाळी मी सोता आणून देतो."

मी म्हटलं, "का हो, तुमच्या घरी अवस नाही का?"

"वसरीवर ठिवायची, बाई. आत कुठं न्यायची हाय?"

मायला पटलं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. एका रात्रीचा सवाल.

टेम्पो त्याच्या दारात थांबला तेव्हा उन्हं उतरत होती. आणि बघते तर दारात बायका जमलेल्या. दाजीची माय, म्हणजे अक्काची सासू, ताट घेऊन उभी. ताटात हळदीकुंकू, साखर. माझ्या मनात आलं, बघा, म्हातारी मनानं चांगली आहे, सुनेच्या बहिणीचं कौतुक करून राहिली. मशीन उतरवली. म्हातारीनं मशीनला हळदीकुंकू लावलं, चाकावर पाणी सोडलं. मग साखरेची चिमूट घेऊन आमच्याकडं वळली. "नवी वस्तू आली, तोंड गोड करा."

पहिल्यांदा मला देऊ लागली. मी हात जोडले, "मला शुगर हाय बाई, चालत नाही." बायका हसल्या. मग ती मायकडं गेली. मायनं तोंड उघडलं. साखर खाल्ली. वर म्हातारीच्या पाया बी पडली. एक पोरगा मोबाईल धरून सगळं घेत होता, आजकाल कुत्र्याला भाकर टाकली तरी घेतात, मला त्याचंही काही वाटलं नाही.

शेवटी म्हातारी पोरीपुढं गेली. पोरीनं तोंड उघडलं नाही. ओठ असे घट्ट मिटले की पांढरे पडले. म्हातारीनं साखर ओठांवर दाबली, थोडी हनुवटीवरून सांडली. पोरीनं बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, दमली असेल, उपाशी असेल. तेवढ्यात आतून कोणी तरी अक्काची लेक आणून तिच्या कडेवर दिली आणि बायका गालातल्या गालात हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्राच्या पायरीवर बसलेली. कुलूप उघडायच्या आधीच. माझ्यापुढं मोबाईल धरला. दाजीच्या भावकीतल्या त्या पोरानं स्टेटसला टाकलं होतं. माय साखर खाते, पाया पडते, मशीनला हळदीकुंकू, हिच्या कडेवर लेकरू, आणि मागं लग्नाचं गाणं. वर लिहिलेलं, वहिनी येणार. रात्रीतून ते हिच्या गावातही फिरलं होतं.

"बाई, माझा साखरपुडा झाला," ती म्हणाली. "मला कोणी इचारलं बी न्हाई."

मी म्हटलं, "काही तरी बोलू नको. अवसेला कुठं साखरपुडा होतो?"

"म्या बी तेच म्हटलं फोनवर. म्हातारी म्हणती, कॅलेंडर बघा. अवस दुपारीच सरली होती. साखर दिली तवा मार्गशीर्ष लागला होता."

मी केंद्रातलं कॅलेंडर काढून बघितलं. खरंच होतं. बारीक अक्षरात वेळ छापलेली. आम्ही लोह्याच्या पुढं गेलो तेव्हाच अवस संपली होती. मशीन सरळ मायलेकींच्या स्वतःच्या उंबऱ्याच्या आत नेली असती तरी चाललं असतं. मायला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, तिच्या हिशोबी अवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या सूर्यापर्यंत. म्हातारीनं वाचून घेतलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी तिला घेऊन तिच्या घरी गेले. माय चुलीपुढं बसलेली, चूल विझलेली. मी सांगितलं की उठा, जाऊ, मशीन घेऊन येऊ, फसवलंय त्यांनी तुम्हाला. ती जागची हलली नाही.

"वस्तू आधी माझ्याकडून गेली बाई. रुखवत पोचलं म्हणून राहिले लोक. अन् साखर म्या खाल्ली. चार बायकांत खाल्ली. आता न्हाई म्हटलं तर पोरीला कोण करील? अन् मला, रांडमुंडीला, कोण इचारील?"

"तुम्हाला माहीत होतं का, ती साखर कसली आहे?"

"नव्हतं. पण खाल्ली तर खाल्ली न बाई."

मग आम्ही दोघीच गेलो, मी आणि पोरगी. मी रस्ताभर शिव्या देत गेले. म्हातारी वसरीवरच बसली होती, मशीन तिच्या पाठीमागं, लेकरू मांडीवर. मी म्हटलं, "मशीन न्यायला आलोय."

"न्या की. कोण अडवलंय? फकस्त आमची साखर परत करा."

"किती पाहिजे? पोतं आणून टाकते."

"पोत्यातली कशाला? तोंडातली आणा," म्हातारी म्हणाली. अगदी शांतपणे. जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मी मशीनला हात घातला, तर दोन बाप्ये उठून उभे राहिले. लेकरानं पोरीला बघून दोन्ही हात पुढं केले. पोरगी मागं सरकली. लेकरू रडायला लागलं, आणि म्हातारी म्हणाली, "बघा, मावशी झाली दगडाची."

ती माझ्याकडं राहायला आली. माझी एकच खोली, पण मी म्हटलं राहा. संस्थेच्या साहेबांना मी विनवलं, दुसरी मशीन द्या, नाही तर निदान माझी जुनी मशीन हिच्यासाठी केंद्रात तरी ठेवू द्या. साहेब म्हणाले, मशीन तर दिली, फोटोही आहे. आणि घरगुती मामल्यात आपण कशाला पडायचं? पोरगी सज्ञान आहे. हो ना, सज्ञान! कायद्यानं तिला नाही म्हणायचा हक्क होता. तिच्या गावात तो हक्क ऐकून घेणारं एक माणूस नव्हतं. मी पोलिसात जाऊ म्हटलं तर तीच नको म्हणाली. "मायला चौकीत बसवतील, बाई."

माझ्या जुन्या मशीनवर ती माझ्या खोलीत बसून शिवायची. शेजारणींचे ब्लाउज आले, चार दोन. हाताला चव होती तिच्या. मला वाटलं जमतंय. भाड्याची दुसरी खोली बघते, लेकराचं नंतर बघू, लोक विसरतात. मी फार बोलत होते त्या दिवसांत, मला आठवतं, सारखी बोलत होते. ती ऐकायची आणि पाय मारायची, मशीनचा पट्टा फिरत राहायचा.

मग तिची माय आली. आत आली नाही. बाहेर ओट्यावर बसली. भांडली नाही, रडली नाही, पाणी बी घेतलं नाही. नुसती बसून राहिली. गल्लीतल्या बायका येताजाता बघायच्या. संध्याकाळी मी भाकरी नेऊन ठेवली, तिनं ताटाकडं बघितलं सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावरच तिला घेरी आली. पोरीनं तिला मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. मग आत येऊन आपली पिशवी भरली. अर्धवट राहिलेला ब्लाउज घडी करून माझ्या मशीनवर ठेवला. "ह्याचे काज राहिलेत, बाई," म्हणाली. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडले. बाईचं तोंड कडू म्हणणाऱ्या पोरींनी तेव्हा बघायला पाहिजे होतं.

लग्न मार्गशीर्षातच झालं. मी गेले नाही. मांडवात मशीन मांडली होती, हळदीकुंकू लावून, वर प्लास्टिकची फुलं, असं दुसऱ्या पोरींनी येऊन सांगितलं.

शाळा उन्हाळ्यासाठी सुटल्या तेव्हा साहेबांनी सांगितलं की मशीन मिळालेल्या प्रत्येक पोरीचा काम करतानाचा फोटो पाहिजे. "मशीनवर बसलेली पाहिजे, हसरी असली तर उत्तम." त्या गावचं नाव आलं तेव्हा मीच म्हटलं, मी जाते.

मशीन पुढच्या खोलीत होती. वर टीव्ही. म्हातारी म्हणाली, "फोटो न? काढा की," आणि दाजीनं टीव्ही उचलून खाली ठेवला. ती आतून आली. डोक्यावर पदर, वाळलेली, पोट किंचित पुढं आलेलं. स्टुलावर बसली, हात मशीनवर ठेवला. मी मोबाईल धरला आणि बघितलं, चाकावर पट्टाच नाही.

"पट्टा कुठाय?"

"पोरगी बोट घालती म्हणून काढून ठिवला," म्हातारी म्हणाली.

"कपडे शिवायला घेत नाही का ही?"

"आमच्या घरची सून गावाचं शिवत बसत न्हाई. घरचं फाटलं-तुटलं हातानं शिवती."

मी फोटो काढला. बिनपट्ट्याच्या मशीनवर बसलेली पोरगी. साहेबांना तो नंतर आवडला. दाजीनं टीव्ही परत वर ठेवला आणि म्हातारी मालिकेसमोर बसली.

मी वसरीवर चपला घालत होते तेव्हा ती चहा घेऊन आली. कप उजव्या हातात होता, बशीत निम्मा सांडलेला. लेकरू तिच्या लुगड्याला धरून, अंगात एक झबलं, हातानं शिवलेलं, मुंढा बिनचूक. मी त्या मुंढ्याकडं बघत राहिले.

"घ्या बाई, बिनसाखरेचा हाय. माझ्या ध्यानात हाय."

मी घोट घेतला. म्हटलं, "कशी आहेस गं?"

तिनं आत टीव्हीकडं एकदा बघितलं, मग कप माझ्या हातातून घेत हळूच म्हणाली, "बाई, मायला बी शुगर असती तर किती बरं झालं असतं."